सौद्यातला दुभाष्या : जपान-फिनलंड व्यापाराचा धडा

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात दर वर्षी जानेवारीत घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. आमच्या सोलापूरचे टॉवेलवाले तेथे नेमाने जातात. काही वर्षांपूर्वी आम्हीही नमुन्यांच्या दोन पेट्या घेऊन गेलो होतो. आमच्या समोरच्या गाळ्यात फिनलंडचा एक कापडवाला होता. त्याच्याकडे जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, सुरेख पंचे आणि टेबलक्लॉथ होते. दुपारी एक जपानी खरेदीदार आला. सोबत इंग्रजी जाणणारा एक तरुण दुभाष्या होता. खरेदीदार जपानीत काही बोलला. तरुणाने इंग्रजीत विचारले, "हेम्पचा माल आहे का?" हेम्प म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा. फिनलंडवाला म्हणाला, "नाही. आम्ही हेम्प विणत नाही. आमच्याकडे फक्त लिनन." खरेदीदाराने आदराने मान लववली आणि तो निघून गेला. पाच मिनिटांत मामला संपला.

संध्याकाळी आम्ही हा किस्सा एका वयस्क जपानी दलालाला सांगितला, तेव्हा तो मनापासून हळहळला. त्याने सांगितले, जपानीत 'आसा' असा एकच शब्द आहे. जवसाचा धागा, रॅमीचा धागा आणि हेम्प, तिन्हींना बोलताना 'आसा'च म्हणतात. डिक्शनरी उघडली की पहिला अर्थ 'हेम्प' मिळतो. पण घरगुती कापडाचा व्यापारी 'आसा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा लिनन असते. म्हणजे ज्याला लिनन हवे होते तो लिननच्या ढिगासमोरून रिकाम्या हाताने परतला!

व्यापारी बंधूंनो, त्या दिवशी माल टेबलावर होता, गिऱ्हाईक दारात होते, दोघांची नियत साफ होती. कच्चा होता तो मधला माणूस. तो काही अडाणी नव्हता. त्याला इंग्रजी चांगले येत होते. पण त्याला कापड येत नव्हते, आणि फिनिश तर मुळीच येत नव्हती. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची विचारपूस करीत आलो आहोत. जपानी आणि फिनिश या दोन भाषांमध्ये व्यापाराचे काम करणारा जाणकार माणूस कसा शोधावा, हा प्रश्न दिसायला दूरचा आहे. पण त्यातला हिशेब आपल्या सर्वांच्या कामाचा आहे.

इंग्रजी आहे ना, मग दुभाष्या कशाला?

हा सवाल आम्हीही एके काळी करीत होतो. फिनलंडचा व्यापारी इंग्रजी उत्तम बोलतो. जपानच्या मोठ्या पेढ्यांतही इंग्रजी जाणणारे लोक असतात. मग दोघांनी इंग्रजीत बोलावे, पैसे वाचवावेत. पण या बचतीत तोटा कोठे लपला आहे ते पाहा.

फिनिश भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, 'हान'. जपानीत तर कर्ता गाळूनच बोलण्याची रीत आहे; कोण करणार, कोणी केले, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. फिनिश भाषेतही अशी वाक्ये सर्रास येतात की काम सांगितले जाते, पण ते करणाऱ्याचे नाव येत नाही. इंग्रजीला मात्र कर्ता लागतो. म्हणून एका बाजूने मोघम ठेवलेली गोष्ट इंग्रजीत येताना ठाम होते. 'माल तपासला जाईल' असे जो बोलला, त्याच्या तोंडी 'आम्ही तपासू' किंवा 'तुम्ही तपासा' असे शब्द घातले जातात. पुढे माल खराब निघाला की भांडण उभे राहते. दोन्ही भाषा थेट जाणणारा माणूस अशा जागी थांबतो आणि विचारतो, "तपासणार कोण?" त्याची मजुरी या एका प्रश्नातच वसूल होते.

सौजन्याची भाषा हा आणखी एक खड्डा. जपानी माणूस तोंडावर 'नाही' क्वचितच म्हणतो. 'विचार करून पाहू' किंवा 'जरा अवघड आहे' असे म्हणतो आणि पुष्कळदा त्याचा अर्थ नकार हाच असतो. आम्ही स्वतः या खड्ड्यात पडलो आहोत. एक जपानी गिऱ्हाईक सोलापुरात आमच्या पेढीवर आले होते. दुभाष्याचे पैसे वाचवावे म्हणून आम्ही भाच्याच्या इंग्रजीवर भागवले. गिऱ्हाईक म्हणाले, "अवघड आहे." आम्हाला वाटले घासाघीस चालली आहे. आम्ही भाव उतरवला. ते पुन्हा म्हणाले, "अवघड आहे." आम्ही पुन्हा उतरवला. नंतर कळले की त्यांना भावाची अडचण नव्हतीच. टॉवेलची किनार त्यांना नापसंत होती. किनार बदलून दिली असती तर पहिल्याच भावात सौदा झाला असता. आमचा भाव पडला आणि सौदाही गेला.

फिनलंडच्या माणसाची तऱ्हा निराळी. तो कमी बोलतो आणि गप्प बसणे त्याला गैर वाटत नाही. जपानी माणूसही गप्प बसतो. पण या दोन शांततांचा अर्थ दर वेळी एकच असेल असे नाही. कच्चा दुभाष्या घाबरून ती जागा आपल्या बडबडीने भरून टाकतो. पक्का दुभाष्या गप्प राहतो आणि मागाहून आपल्या मालकाला त्या शांततेचा मतलब सांगतो.

शब्द लहान, नुकसान मोठे

आता कापडाच्या शब्दांकडे येऊ. फिनिश भाषेत लोकरीला 'विल्ला' म्हणतात आणि कापसाला 'पूविल्ला', म्हणजे झाडाची लोकर. पुढचे एक अक्षर सुटले की सुती माल लोकरीचा होतो. जपानीत एक चित्राक्षर आहे. ते 'मेन' वाचले तर सूत, आणि 'वाता' वाचले तर गादी-रजईत भरायचा पिंजलेला भराव. 'पॉलिएस्टर वाता' म्हणजे पॉलिएस्टरचा भराव. अनाडी अनुवादक त्याचे 'पॉलिएस्टर-कॉटन' करून मोकळा होतो आणि भरावाचा माल मिश्र कापड म्हणून कागदावर चढतो.

लेबलाची चूक तर कायद्यातच अडकवते. युरोपियन युनियनच्या २०११ च्या नियमाप्रमाणे कपड्यावर धाग्याचे नाव त्या त्या देशाच्या भाषेत लिहावे लागते. फिनलंडमध्ये ते फिनिश आणि स्वीडिश अशा दोन्ही भाषांत लागते. जपानमध्ये १९६२ च्या घरगुती मालाच्या कायद्यानुसार लेबल जपानीत हवे. धुलाई-इस्त्रीच्या खुणांचे काम मात्र सोपे झाले आहे, कारण जपानने डिसेंबर २०१६ पासून आपल्या जुन्या खुणा सोडून आंतरराष्ट्रीय खुणांशी मेळ घातला. पण धाग्याचे नाव खुणेने सांगता येत नाही. तेथे शब्दच हवा आणि तो बिनचूक हवा.

आकड्यांचे तर विचारूच नका. फिनलंडमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम देतात. तेथे कोणी १,२५० किलो लिहिले तर त्याचा अर्थ सव्वा किलो. जपानमध्ये तेच १,२५० म्हणजे साडेबाराशे किलो. शिवाय जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते. दहा हजाराला 'मान' आणि दहा कोटींना 'ओकु' म्हणतात. आपण लाख-कोटीत मोजणारे लोक. मिलियनमध्ये बोलताना आपली जी तारांबळ उडते तीच त्यांची उडते. तारखांचेही तसेच. जपानी सरकारी कागदावर बादशहाच्या कारकिर्दीचे साल येते. रेइवा ६ म्हणजे २०२४. म्हणून जाणता दुभाष्या बैठकीत कागद-पेन्सिल जवळ ठेवतो आणि प्रत्येक आकडा व तारीख लिहून दोन्ही पक्षांना दाखवतो. जो दाखवत नाही, त्याला पुढच्या खेपेला बोलावू नये.

माणूस कोठे मिळतो?

जपानची लोकसंख्या बारा कोटींच्या वर, तर फिनलंडची अवघी छपन्न लाखांच्या आसपास. दोन्ही भाषा पक्क्या जाणणारे लोक थोडेच असणार, आणि त्यातून कापड जाणणारे आणखी थोडे. तरी शोधण्याच्या जागा आहेत.

फिनलंडमध्ये सरकारमान्य अनुवादकांची परीक्षा आहे. सध्याचा कायदा २००७ चा असून तो २००८ पासून लागू आहे. परीक्षेतील दोन भाषांपैकी एक फिनिश, स्वीडिश किंवा सामी असावी लागते आणि मान्यता एका दिशेची असते. जपानीतून फिनिशमध्ये आणण्याची मान्यता असली म्हणजे फिनिशमधून जपानीत नेण्याचीही असते असे नाही. मान्यताप्राप्त लोकांची यादी राष्ट्रीय शिक्षण मंडळाकडे असते आणि ती कोणालाही पाहता येते. तेथील अनुवादक व दुभाष्यांचा संघ १९५५ पासून काम करतो आहे. हेलसिंकी विद्यापीठात जपानी शिकवली जाते.

जपानची गोष्ट वेगळी. तेथे कागदपत्रांसाठी सरकारने नेमलेले अनुवादक अशी पद्धतच नाही. अनुवादक स्वतः प्रमाणपत्र लिहितो आणि गरज पडल्यास त्याच्या सहीवर नोटरीची साक्ष घेतात. पाहुण्यांना फिरवणाऱ्या दुभाषी वाटाड्यांसाठी मात्र सरकारी परीक्षा आहे. ती दहा भाषांत होते. इंग्रजी, चिनी, कोरियन, रशियन, थाईसुद्धा त्यात आहेत, पण फिनिश नाही. म्हणजे जपानमध्ये फिनिश जाणणाऱ्याला सरकारी शिक्का मिळण्याची सोयच नाही. तेथे माणूस ओळखीने शोधावा लागतो. तोकाई विद्यापीठात उत्तर युरोपच्या अभ्यासाचा विभाग आहे आणि त्यात फिनिश शिकवतात. टोकियोत १९९८ पासून फिनलंडची सांस्कृतिक व अभ्यास संस्था आहे. फिनलंडचे चेंबर ऑफ कॉमर्सही तेथे आहे. अशा ठिकाणी 'कापडाचे काम पूर्वी कोणी केले आहे?' असे नेमके विचारावे. नुसते 'फिनिश येणारा कोणी आहे का?' असे विचारले तर कवितेचा अभ्यासक मिळेल आणि त्याला ताणा-बाणा सांगता सांगता दिवस जाईल.

एक सावधगिरी. फिनलंडमध्ये स्वीडिशही सरकारी भाषा आहे आणि सुमारे पाच टक्के लोकांची ती मातृभाषा आहे. जपानमध्ये घरोघरी लाडके असलेले 'मूमिन' हे फिनलंडचे पात्र, पण तोवे यान्सन बाईंनी ती पुस्तके स्वीडिशमध्ये लिहिली. तेव्हा समोरची पेढी कोणत्या भाषेत पत्रव्यवहार करते ते आधी विचारून मग माणूस नेमावा.

परखून घ्यावा कसा?

पहिली गोष्ट, लिहिणारा अनुवादक आणि बोलणारा दुभाष्या हे दोन निराळे कारागीर आहेत. विणकराला रंगाऱ्याचे काम येईलच असे नाही. करारनामा आणि लेबल अनुवादकाला द्यावे, बैठकीला दुभाष्या न्यावा. लेखी काम शक्यतो त्याला द्यावे जो आपल्या मातृभाषेत लिहितो.

दुसरी गोष्ट, पदवी पाहण्याआधी दहा शब्द विचारावेत. 'आसा' म्हटल्यावर जो लगेच उलट विचारतो की "कोणता धागा, लिनन की रॅमी?" तो आपला माणूस. जो झटकन उत्तर देतो त्याच्यापासून सांभाळून राहावे.

तिसरी गोष्ट, त्याला तयारीला वेळ द्यावा. मालाची यादी, शब्दांची यादी आणि कापडाचे तुकडे आठवडाभर आधी पाठवावेत. ज्याने कापड हाताने चाचपले त्याची जीभ अडखळत नाही. बैठक दिवसभराची असेल तर दोन माणसे घ्यावीत. एकाच वेळी ऐकून एकाच वेळी बोलणारे दुभाषे जोडीने बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात. ही चैन नव्हे; डोके थकले की आकडे चुकू लागतात.

चौथी गोष्ट, थेट माणूस मिळालाच नाही तर मध्ये इंग्रजी ठेवून दोन माणसांची साखळी करावी. एक फिनिश-इंग्रजी, दुसरा इंग्रजी-जपानी. यात लाज नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय सभांतही असे चालते. पण ही गोष्ट दोन्ही पक्षांना आधी सांगावी आणि साखळीतल्या दोघांना एकच शब्दयादी द्यावी. पुस्तकांच्या बाबतीतही हेच घडले आहे. हारुकी मुराकामी या जपानी लेखकाच्या कादंबऱ्या फिनलंडमध्ये बराच काळ इंग्रजीवरून अनुवादित होत होत्या. राईसा पोरास्मा यांच्यासारख्या अनुवादकांनी पुढे त्या थेट जपानीवरून आणल्या. साखळीने सुरुवात व्हावी. तेथेच थांबू नये.

पाचवी गोष्ट, तो कोणाचा माणूस आहे हे स्पष्ट असावे. पुष्कळदा आपण समोरच्याच्या दुभाष्यावर फुकटात काम चालवतो. तो बेइमान असतो असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याचे मीठ खातो त्याच्याकडे माणूस कलतोच. शिवाय दुभाष्याने ऐकलेला भाव ही अमानत आहे. आपला भाव दुसऱ्याच्या कानी जाणार नाही, हे लेखी घ्यावे. आणि त्याला टक्केवारी कधीही देऊ नये. सौदा झाला तरच पैसे, असे ठरवले की तो दुभाष्या उरत नाही, दलाल होतो. मग 'नाही'चे 'बघू' आणि 'बघू'चे 'हो' व्हायला कितीसा वेळ!

सहावी गोष्ट, करारनाम्यात लिहावे की वाद झाल्यास कोणत्या भाषेचा कागद खरा मानायचा. युरोपियन युनियन आणि जपान यांच्या व्यापार करारावर जुलै २०१८ मध्ये टोकियोत सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. त्याचा मजकूर फिनिशमध्ये आहे, जपानीतही आहे. तरी दोन मजकुरांत फरक निघाल्यास ज्या भाषेत वाटाघाटी झाल्या तिचा मजकूर चालेल, असे कलम त्यात घातले आहे. एवढी मोठी सरकारे ही खबरदारी घेतात, तर दोन पेढ्यांनी का घेऊ नये?

यंत्राचे काय?

कोणी म्हणेल, आता मोबाईलच तर्जुमा करून देतो. खरे आहे, आणि रोजच्या चौकशीच्या पत्राला तो चालतो. आम्हीही वापरतो. पण अनेक यंत्रे अशा कमी चलनाच्या जोडीत आतल्या आत इंग्रजीवरूनच जातात. म्हणजे वर सांगितलेले सगळे खड्डे तेथे तसेच आहेत, फक्त दिसत नाहीत. फिनिशमध्ये 'कूसि' म्हणजे सहा आणि 'कूसि' म्हणजे एक सूचिपर्णी झाडही. यंत्र बहुतेक वेळा बरोबर ओळखते. ज्या दिवशी ओळखत नाही त्या दिवशी नुकसान आपले. आणि किनारीबद्दल कोणाच्या मनात नाराजी आहे, हे यंत्र आम्हाला सांगणार नाही.

शहाणपण कोठून आले?

या दोन देशांना हे फार पूर्वी उमगले होते असे दिसते. जपानने १९१९ मध्ये फिनलंडला मान्यता दिली. तेव्हा फिनलंडने आपला पहिला वकील म्हणून टोकियोला कोणाला पाठवले? गुस्ताव जॉन रामस्टेड्ट या भाषापंडिताला. मंगोल आणि तुर्की भाषांचा हा अभ्यासक १९२९ पर्यंत तेथे राहिला. नव्या, गरीब देशाला त्या वेळी एक भाषा जाणणारा माणूस लाखमोलाचा वाटला.

कापडाच्या धंद्यातला दाखला तर आणखी बोलका आहे. अर्मी राटिया यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या मारिमेक्को या फिनिश कापड कंपनीने १९६८ मध्ये कात्सुजी वाकिसाका या जपानी कलाकाराला कामावर घेतले. ते १९७६ पर्यंत होते. फुजिवो इशिमोतो यांनी १९७४ पासून २००६ पर्यंत तेथे छपाईचे नमुने केले. आज जपान ही त्या कंपनीची फिनलंडबाहेरची मोठी बाजारपेठ आहे. या यशाची कारणे अनेक असतील. पण ज्या पेढीत दोन्हीकडचा माणूस तीस-तीस वर्षे रंग आणि कापड हाताळत बसतो, त्या पेढीला समोरच्या देशाची पसंती समजायला वेळ लागत नसावा, असे आम्हाला वाटते.

आता आपल्याकडे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, मराठीत धंदा केला, हिंदीत उधारी वसूल केली आणि मोडक्या इंग्रजीत निर्यात केली. भाषा बदलत जगणे आपल्या कारागिराला नवे नाही. म्हणूनच कदाचित आपण त्याची किंमत करीत नाही. सूत, रंग, भाडे, दलाली यांचा हिशेब मांडतो आणि दुभाष्याच्या जागी भाच्याला उभे करतो. लहान व्यापाऱ्याला एकट्याने हा खर्च पेलत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण पाच जणांनी मिळून प्रदर्शनापुरता एक जाणकार माणूस ठेवला तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? गाळ्याच्या सजावटीवर आपण त्याहून जास्त उडवतो.

आणि मुलांकडे पाहा. पुण्यात कित्येक वर्षांपासून जपानी शिकवली जाते आणि तेथे परीक्षेचे केंद्रही आहे. आपल्या घरातल्या ज्या मुलीने आईच्या मांडीवर बसून सुताचा नंबर ओळखायला शिकले, ती उद्या जपानी शिकली तर तिच्याइतका पक्का दुभाष्या कोणाला कोठे मिळणार? भाषा शाळेत मिळते, कापड घरात मिळते. दोन्ही एका हातात आले की तो मोठा हुन्नर होतो.

फ्रँकफर्टचा तो फिनलंडवाला शेवटच्या दिवशी आपले लिनन पेटीत भरत होता. आम्ही त्याला 'आसा'ची हकीकत सांगितली. त्याने हातातला पंचा खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने खिशातून वही काढली आणि तो शब्द आमच्याकडून दोनदा वदवून लिहून घेतला.